शिशाच्या लगडींचे पृष्ठदोष

वितळलेले शिसे साच्यात ओतून लगडी (साठवणीस सोयीचे ठोकळे) तयार करताना त्यांच्या पृष्ठभागावर राहणाऱ्या सुरकुत्या, खळगे, छिद्रे, मळीचे डाग इ. वैगुण्यांना पृष्ठदोष म्हणतात. शिशाचा वितळबिंदू ३२७·५° से. इतका कमी असल्याने मासेमारीच्या जाळ्यांची वजने वगैरे वस्तूंसाठी मोडीतील शिसे घरगुती साधनांनीही वितळविले जाते. तापमान व साच्याची स्थिती यांवर पुरेसे नियंत्रण नसल्यास हे दोष उद्भवतात. लगड पुन्हा वितळवावयाची असल्याने बहुतेक दोष निरुपद्रवी असतात. परंतु त्यांची कारणे ओळखणे सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचे असते.

सुरकुत्या : साचा थंड असल्यास त्याला टेकलेला धातू तत्काळ गोठतो व मागून येणारा धातू त्याच्याशी एकजीव होत नाही. धार खंडित झाल्यासही असेच सांधे दिसतात. साचा आधी तापवून अखंड धारेने धातू ओतणे हा यावरील उपाय होय. त्याऐवजी शिसेच अतितप्त केल्यास ऑक्सिडीभवन वाढून मळी अधिक होते आणि धूरही वाढतो.

खळगा : घनीभवन होताना शिशाचे घनफळ सु. ३·५ टक्क्यांनी घटते. कडा व तळ प्रथम गोठतात आणि वरच्या पृष्ठाचा मध्यभाग शेवटी गोठत असल्याने तेथे खळगा पडतो. हा आकुंचनाचा स्वाभाविक परिणाम आहे.

रंगछटा व मळी : तप्त शिशावर ऑक्साइडाचा अतिशय पातळ थर बनून प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे सोनेरी, जांभळट वा निळसर छटा दिसतात, त्या अशुद्धीच्या निदर्शक असतातच असे नाही. थर जाड झाल्यास करडी वा पिवळसर मळी बनते. ओतण्यापूर्वी ती बाजूस न सारल्यास लगडीत अडकते. शिशात थोडेसे जस्त मिसळले, तरी रस दाटसर होऊन पृष्ठभाग खडबडीत येतो. जस्ताचा वितळबिंदू ४१९·५° से. असून ते शिशापेक्षा हलके असते. त्यामुळे तापमान कमी ठेवल्यास त्याचे तुकडे वर तरंगतात व वेळीच काढता येतात.

छिद्रे : साच्यातील ओलावा, गंज वा तेल यांपासून निघणारी वाफ व वायू यांमुळे छिद्रे पडतात. हा दोष सर्वांत गंभीर होय. पाण्याची वाफ होताना घनफळ सु. १,७०० पट होते. म्हणून वितळलेल्या शिशाखाली थोडे पाणी सापडले, तरी धातू स्फोटासारखा उसळून गंभीर भाजते. साचा, पळी व भर घालावयाचे तुकडे पूर्णपणे कोरडे असणे आवश्यक असते.

मळीची धूळ व धूर यांतून शिसे शरीरात जाते. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा विशेष अनिष्ट परिणाम होतो. म्हणून हे काम मुलांपासून दूर, मोकळ्या हवेत करतात आणि त्यातील भांडी स्वयंपाकास वापरीत नाहीत. विद्युत् घटमालांच्या पट्ट्यांत अम्ल व शिशाची संयुगे असतात, तसेच त्यांच्या मळीतून विषारी वायू निघू शकतात. त्या घरी वितळविणे सर्वस्वी वर्ज्य होय.