‘चौपाटी’ : एका स्थलनामाचा अर्थविस्तार

समुद्रकाठी फेरफटका मारण्यास निघालेला मुंबईकर ‘चौपाटीवर जातो’ असे म्हणतो, तेव्हा या शब्दाचा मूळ अर्थ त्याच्या मनात क्वचितच असतो. मूळ अर्थ लोपूनही, किंबहुना तो लोपल्यामुळेच, हा शब्द कसा वाढला, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

‘चौपाटी’ची रूढ व्युत्पत्ती ‘चौ’ आणि ‘पाट’ अशी देतात. म्हणजे चार पाटांची, चार जलप्रवाहांची जागा. संस्कृत ‘चतुर्’, प्राकृत ‘चउ’, मराठी ‘चौ’ ही परंपरा सुपरिचित आहे. अंत्य ‘ई’ ‘पंचवटी’, ‘त्रिलोकी’ या द्विगु समासांतील ‘ई’सारखी मानता येते. पालघर जिल्ह्यातील ‘सातपाटी’ हे ग्रामनाम या व्युत्पत्तीस पुष्टी देते. आज गिरगावच्या किनाऱ्यावर चार प्रवाह दिसत नाहीत. परंतु नाम ज्या वस्तूवरून पडले ती नाहीशी झाली म्हणून नाम नाहीसे होत नाही. ते केवळ नव्या अर्थासाठी मोकळे होते.

या नव्या अर्थाच्या तीन पायऱ्या दिसतात. पहिली पायरी विशेषनामाचे सामान्यनाम होण्याची. ‘जुहू चौपाटी’, ‘दादर चौपाटी’ हे प्रयोग रूढ झाले आणि मूळ स्थळासही ‘गिरगाव चौपाटी’ असे विशेषण लावणे भाग पडले. येथे अर्थ ‘वाळूचा, लोकांच्या विहाराचा किनारा’ एवढा झाला. दुसऱ्या पायरीवर समुद्राची अट गळाली : कोल्हापूरची ‘रंकाळा चौपाटी’ तलावाकाठी आहे. तिसऱ्या पायरीवर पाण्याचीही अट उरली नाही. पुण्यातील ‘सारसबाग चौपाटी’ म्हणजे भेळ-पाणीपुरीच्या गाड्यांची रांग होय. भूगोल मागे पडला. सायंकाळी सहकुटुंब जाणे, उघड्यावर बसणे आणि खाणे हा आचार तेवढा अर्थ म्हणून टिकला.

याच उपसागराला वळसा घालणाऱ्या मार्गाचे उदाहरण याहून वेगळे आहे. भराव घालून सिद्ध झालेल्या या मार्गाचे अधिकृत नाव ‘नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग’. २०१८ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या वास्तुसमूहातील अनेक इमारती याच मार्गावर आहेत. पण लोकांच्या तोंडी ‘मरीन ड्राइव्ह’च आहे, आणि तो शब्द विशेषनामच राहिला आहे. विभक्तिप्रयोगही येथे बोलका आहे : आपण ‘मरीन ड्राइव्हला’ जातो, जसे ‘पुण्याला’ जातो, ‘चौपाटीवर’ मात्र ‘नाक्यावर’ वा ‘मैदानावर’ यांप्रमाणे जातो. ‘मरीन ड्राइव्हवर’ हाही प्रयोग ऐकू येतो. ‘चौपाटीला’ही कोणी म्हणतो. भेद नियमाचा नसून प्रवृत्तीचा आहे. त्या मार्गावर मराठीने स्वतःचा म्हणून जो शब्द ठेवला तो ‘कट्टा’. आणि त्यानेही बसण्याच्या दगडी बांधापासून गप्पांच्या बैठकीपर्यंत असाच प्रवास केला आहे.

यावरून निष्कर्ष असा की, विहारस्थळाचे नाव फलकाने रुजत नाही. तेथील आचार ज्या शब्दात मावतो तो शब्द रुजतो. लोकमान्य टिळकांवर १९२० साली गिरगावच्या वाळूत अंत्यसंस्कार झाले. त्या स्मृतीचे ‘स्वराज्यभूमी’ हे नाव आदराने घेतले जाते, तरी फिरावयास जाणारा ‘चौपाटी’च म्हणतो.

हा प्रश्न केवळ ऐतिहासिक नव्हे. मुंबईच्या किनारी रस्त्यालगतच्या नव्या पदपथाचा मोठा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये नागरिकांस खुला झाला. प्रशासनाच्या मराठीत त्यास ‘विहार क्षेत्र’ म्हणतात. हा संस्कृत समास लोकांच्या तोंडी बसेल, की ‘प्रोमेनेड’ रुळेल, की ‘चौपाटी’ तेथवरही पोचेल? ‘चौपाटी’च्या स्थित्यंतराचा मागोवा आज आपल्याला बहुतांशी अनुमानाने घ्यावा लागतो. या नव्या स्थळाविषयी तशी वेळ येऊ नये. तेथे फिरणारे, विक्रेते आणि वाहनचालक त्यास काय म्हणतात व कोणता प्रत्यय लावतात, याची दिनांकासह नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आतापासूनच ठेवावी. नाम घडत असताना त्याचे निरीक्षण करण्याची संधी अभ्यासकास वारंवार लाभत नाही.