‘वल्द’ या शब्दामागचा पुरावा

कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली, जुनी नोंद साधारण अशी असते: तारीख, मौजा, बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा झाला’. मुलाचे नाव अनेकदा नसतेच, कारण बारशाआधीच वर्दी गेलेली असते. बापही ‘गणपत वल्द लक्ष्मण’, म्हणजे लक्ष्मणाचा मुलगा गणपत, एवढाच, आडनाव नाही. दिग्रससारख्या ठिकाणी अशी नक्कल हाती आली की पणजोबांचा पत्ता लागला, असे घरात धरून चालतात. पण एकाच मौजात एकाच पिढीत दोन गणपत असणे आणि दोघांच्याही बापाचे नाव लक्ष्मण असणे मुळीच अवघड नाही. कागद खरा आहे एवढे त्या नकलेने ठरते. त्यातला गणपत आपलाच, हे दुसऱ्या कागदाने ठरवावे लागते. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर तिथे उपयोगी पडते. त्याहून बळकट वारस फेरफार, कारण त्यात मयत बाप आणि त्याचे सगळे वारस एकाच ठिकाणी नावानिशी येतात. वंशावळ म्हणजे ‘अमुक हा तमुकाचा मुलगा’ अशा दाव्यांची साखळी आणि प्रत्येक कडीला स्वतःचा पुरावा हवा. वरच्या टोकाला इतिहासातले मोठे नाव असले म्हणून मधल्या निसटलेल्या तीन कड्या जुळत नाहीत.

सगळ्यात जास्त फसवते ते आडनाव. देशमुख, देशपांडे, पाटील ही मुळात वतनी कामाची नावे. परगण्याचा वसूल पाहणारा देशमुख, हिशेब ठेवणारा देशपांडे. परगणा बदलला की घराणे बदलले, आडनाव मात्र तेच राहिले. पवार, चव्हाण, जाधव ही आडनावे मराठ्यांत आहेत तशी बंजाऱ्यांतही आहेत, आणि पोहरादेवी या बंजाऱ्यांच्या तीर्थाजवळच्या दिग्रसच्या पट्ट्यात दोन्ही समाज शेजारी राहतात. आडनावावरून धारच्या पवार राजघराण्याशी नाते जोडणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे. जिल्ह्या-तालुक्यांच्या नावांचेही तसेच. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव 1905पर्यंत वणी जिल्हा असे होते आणि दिग्रस दारव्हा तालुक्यात मोडत असे. त्यामुळे जुन्या कागदावर ‘जिल्हा वणी, तालुका दारव्हा’ दिसले तर पूर्वज वणीहून दारव्ह्याला आणि तिथून दिग्रसला आले, असा अर्थ निघत नाही. माणसे जागची हललीही नसतील.

यावर आक्षेप येतो की मग वाडवडिलांचा शब्द खोटा मानायचा का? मुळीच नाही. नात्याविषयी मयत माणसाने केलेले विधान 1872च्या पुरावा कायद्याने ग्राह्य धरले आणि 2023च्या साक्ष अधिनियमानेही ते कायम ठेवले. अट एवढीच की ते विधान वाद उभा राहण्याआधीचे असावे आणि सांगणाऱ्याला ते नाते माहीत असण्याचे खास कारण असावे. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. वतनाच्या भांडणात पक्षकार आपल्या घराण्याची हकिकत लिहून देत, तिला करीना म्हणत. ती जुनी असते, मोडीत असते, पण वतन मिळवण्यासाठी लिहिलेली असते. भाटाच्या वहीचेही मोल असेच तपासावे लागते. जवळच्या पिढ्यांची नावे तो घरी येऊन उतरवून घेतो, तिथे त्याचा शब्द वजनदार. वरचा राजवंश मात्र यजमानाचा मान वाढवण्यासाठीही आलेला असू शकतो. अनुसूचित जमातीच्या दाव्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली स्वातंत्र्यपूर्व कागदांना अधिक वजन दिले. त्यामागेही हाच विचार दिसतो. सवलत ठाऊक नसताना झालेली नोंद सवलतीसाठी बनवलेली नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांना शेत नव्हते, जे तांड्याने फिरत होते, त्यांनी कागद आणायचा कुठून? ही अडचण खरी आहे आणि कागद नाही म्हणून पूर्वज नव्हता, असे कोणी म्हणू नये. ‘सिद्ध नाही’ याचा अर्थ ‘खोटे’ असा होत नाही. पण कोतवाल बुक शेत बघत नसे, भूमिहीनाच्या घरचा जन्मही त्यात चढत असे. तांडा हलत असला तर भावंडांच्या नोंदी वेगवेगळ्या मौजांत शोधाव्या लागतात. जिथे तेही नसेल तिथे वंशावळीत तुटक रेघ काढून ‘ऐकीव’ असे लिहावे आणि कोणाकडून, केव्हा ऐकले तेही नोंदवावे. जातीचे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे वंश सिद्ध झाला, असेही नाही. ते जात सांगते, आठ पिढ्यांमागचा पुरुष सांगत नाही. डीएनए चाचणी जवळचे नाते दाखवते, पूर्वजाचे नाव देत नाही.

दहा पिढ्यांत आई-बापांकडून मिळून पूर्वजांच्या 2,046 जागा होतात, काही जागी तोच माणूस पुन्हा येतो इतकेच. बापाकडून बापाकडे जाणारी वंशावळ त्यातली दहा नावे सांगते. लग्नानंतर आडनाव आणि पुष्कळदा पहिले नावही बदललेल्या बायका कागदात ‘जोजे अमुक’, म्हणजे अमुकाची बायको, एवढ्यावर थांबतात. पणजीचे माहेर कोणते, तिचे तिथले नाव काय, हे सांगणारे एखादे माणूस घरात असेल, तर शोध तिथूनच सुरू करावा.