घोडा, घोरा आणि बोलीचा शोध

पनवेलहून गोव्याच्या वाटेला लागले की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण येते. १८४५ साली वासुदेव बळवंत फडके इथे जन्मले, एवढीच या गावाची ओळख बाहेर आहे. भाषेच्या अभ्यासकांना मात्र हा पट्टा आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा वाटला पाहिजे. आगरी, कराडी, कोळी, ठाकरी, कातकरी अशा बोली या तालुक्यात शेजारी शेजारी नांदतात. त्यांच्या उशाला चौपदरी रस्ता आहे, नवी वसाहत आहे आणि आता विमानतळही आहे. अशी गावे 'मिसळलेली' म्हणून बाजूला ठेवायची आणि बोली ऐकायला दूरच्या डोंगरात जायचे, ही बोलीअभ्यासातली जुनी सवय आहे. ती सोडली पाहिजे आणि विद्यापीठीय विभागांनी आपला कान सर्वांत आधी अशाच गावांकडे लावला पाहिजे, असे मला वाटते.

आजवर झालेले काम थोडे नाही. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात कोकणच्या बोलींमध्ये आगरीची आणि कातकरीचीही नोंद आहे. पण त्या सर्वेक्षणाचा कणा म्हणजे बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचे भाषांतर. एकच मजकूर सगळीकडून मिळाला की तुलना सोपी होते, हे खरे. तरी भाषांतर करणारा माणूस समोरच्या मजकुराला बांधला जातो, आणि ऐकलेला उच्चार कागदावर उतरताना पुष्कळ काही गळते. पुढे अ. मा. घाटगे यांनी साठच्या दशकापासून कुडाळी, वारली, कासरगोडची मराठी अशा एकेका बोलीवर स्वतंत्र पुस्तके सिद्ध केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसह अलीकडे हाती घेतलेले सर्वेक्षण वेगळ्या वाटेने गेले. सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखालील या प्रकल्पात लोकांना चित्रे आणि चित्रफिती दाखवून बोलते केले, त्यांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित केल्या आणि ते आवाज कोणालाही ऐकता येतील असे संकेतस्थळावर ठेवले. मराठी बोलींच्या अभ्यासात इतकी मोठी झेप मला दुसरी दिसत नाही.

एखादी बोली जवळून ऐकली की काय हाती लागते, ते आगरीतल्या एका शब्दावरून पाहता येईल. प्रमाण मराठीतला 'घोडा' आगरीत 'घोरा' होतो, 'गाडी'ची 'गारी' होते. 'डोळा' मात्र 'डोला' होतो, 'रोला' होत नाही. म्हणजे शब्दाच्या आरंभीचा 'ड' टिकतो आणि दोन स्वरांमधला तेवढा बदलतो. तिथे प्रमाण मराठी बोलणाऱ्याची जीभ मागे वळून टाळूला निसटती लागते. आगरी बोलणाऱ्याची जीभ वळत नाही, दातांमागेच टेकते आणि 'र' उमटतो. 'पाणी'चे 'पानी' आणि 'काळा'चे 'काला' होते तेही याच न वळलेल्या जिभेमुळे. ज्यांना शाळेत तीन वेगवेगळ्या चुका मानतात, त्या एकाच नियमाच्या तीन खुणा आहेत, आणि त्या नियमाला आपल्या अटीही आहेत. 'वाडा' आणि 'वारा' सारखेच ऐकू येऊनही घरात कोणाचा घोटाळा होत नाही, कारण संदर्भ आपले काम करतो. इतकी शिस्त असलेल्या बोलण्याला अशुद्ध म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

यावर पहिला आक्षेप असा की, महामार्गाकाठची आगरी आता शुद्ध राहिलेली नाही, तिथे जाऊन काय मिळणार? त्याचे उत्तर कुपवाडने दिले आहे. सांगलीजवळच्या या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्या. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली मांडले की, इथे या भाषांची व्याकरणे इतकी जवळ आली आहेत की एकीतले वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून नेता येते. त्या एका लेखाने कुपवाड जगभरच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत गेले. सुमारे चाळीस वर्षांनी कुलकर्णी-जोशी यांनी तेच गाव पुन्हा अभ्यासले आणि जुन्या सिद्धांताची कठोर तपासणी केली. म्हणजे मिसळलेले गाव शास्त्राला घडवते, आणि तिथे पुन्हा गेल्यावर तेच गाव शास्त्राला दुरुस्तही करते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वेळ आणि पैसा मोजका असताना आधी म्हाताऱ्या माणसांकडे जायला नको का? जायलाच हवे. लग्नात धवले गाणारी धवलारीण गेली की तिची गाणी तिच्याबरोबर जातात. खाडीकाठच्या बांधावरची 'उघाडी' म्हणजे ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडणारे आणि भरतीला खारे पाणी अडवणारे दार. भातखाचरांवर भराव पडला की दार जाते आणि पाठोपाठ शब्दही जातो. या नोंदींना थांबायला वेळ नाही. पण जुने शब्द गोळा केले की बोलीचा अभ्यास झाला, हे मला मान्य नाही. नातवंडे बोलतात तीही आगरीच आहे. एकच मुलगा कॉलेजात 'गाडी' म्हणतो आणि घरी 'गारी'. तो कुठे कोणता उच्चार निवडतो आणि का, हे आपण अजून पद्धतशीर मोजलेले नाही.

विल्यम लबॉव यांनी साठच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या मार्थाज् व्हिन्यर्ड या बेटावर नेमके हेच मोजले. उन्हाळी पाहुणे बेटावरची घरे-जमिनी घेत होते. तेव्हा बेटावरच राहायचे ठरवलेल्या तरुणांच्या तोंडी कोळ्यांचा जुना उच्चार उलट ठळक होत गेला. पनवेल-उरणच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ च्या आंदोलनात गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले. ज्या दि. बा. पाटलांनी तो लढा चालवला, त्यांचे नाव विमानतळाला मिळावे म्हणून पुढची पिढी रस्त्यावर उतरली. याच काळात आगरी गाणी मोबाइलवरून घरोघर पोहोचली. जमीन सुटली तसा उच्चार घट्ट धरला गेला का? माझा अंदाज 'हो' असा आहे, पण तो अंदाजच आहे. त्याचा निकाल ध्वनिमुद्रणांनीच लागेल.

पालक म्हणतील, मुलांना प्रमाण मराठी आणि इंग्रजी यायला हवी, बोलीने पोट भरत नाही. त्यांचे म्हणणे रास्त आहे आणि बोलीचा अभ्यास त्याच्या आड येत नाही. फलटणच्या बोलण्यातले भेद अभ्यासणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी पुढे तिथेच मुलांना वाचायला शिकवण्याचे काम उभे केले. 'पानी' लिहिणाऱ्या मुलाचा नियम शिक्षकाला ठाऊक असेल, तर 'ण' कुठे लिहायचा हे तो एका तासात समजावू शकतो आणि मुलाची मानही खाली जात नाही.

मुंबई विद्यापीठाचा भाषाशास्त्र विभाग कालिन्यात आहे, शिरढोणपासून काही तासांच्या अंतरावर. विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने एका वर्षी एकाच घरातल्या आजी, सून आणि नातीला एकच चित्रफीत दाखवून बोलते करावे. मग नातीला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावावी, एकदा मैत्रिणीला आणि एकदा शाळेतल्या बाईंना. दहा वर्षांनी दुसऱ्या तुकडीने त्याच घरी जावे. आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाची एक प्रत गावच्या शाळेत राहावी.