खारपड जमिनीतील औषधी वनस्पती : पेशीतला संघर्ष

चैत्र-वैशाखाच्या उन्हात अकलूज-माळशिरसकडील कालव्याकाठच्या रस्त्याने जाताना काही शेतांवर चुना सांडल्यासारखा पांढरा थर दिसतो. तो चुना नसतो, जमिनीच्या पोटातून वर आलेले क्षार असतात. अशा जमिनीला शेतकरी खारपड म्हणतात. पाणी मुरेनासे झाले की ती चिबड होते आणि सोडियम वाढून माती घट्ट बसली की चोपण.

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. येथे वर्षाकाठी सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही येथील बागायती पट्ट्यातील क्षारांचे मूळ पाण्याच्या टंचाईपेक्षा त्याच्या अतिरेकात अधिक आहे. काळ्या भारी जमिनीत निचरा मंद असतो. उसाला वारेमाप पाणी दिले की भूजल वर चढते, उन्हाने पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. हा अनुभव नवा नाही. शेजारच्या बारामती-इंदापूर भागात नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि अवघ्या पंचवीस वर्षांत, १९१० मध्ये, हॅरॉल्ड मॅन व ताम्हणे या कृषिशास्त्रज्ञांना नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पुढे १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि बागायतीबरोबर हा प्रश्नही विस्तारला. आज महाराष्ट्रात क्षारबाधित जमीन सुमारे ६ लाख हेक्टर आहे.

ऊस पिवळा पडू लागला की घराघरांत एक विचार डोकावतो : या जमिनीत औषधी वनस्पती लावल्या तर? त्या काटक असतात आणि ताण पडला की त्यांचा औषधी गुण वाढतो, असेही ऐकिवात असते. या समजुतीत तथ्य किती, हे पाहण्यासाठी वनस्पतीच्या पेशीत डोकवावे लागते.

वनस्पती हा स्थावर जीव. संकट आले तरी तिला जागा सोडता येत नाही, म्हणून ती आपले अंतरंग बदलते. मिठाचे संकट दुहेरी असते. मातीतील पाण्यात क्षार वाढले की मुळांना ते पाणी ओढणे अवघड जाते. जमीन ओली असूनही झाड तहानलेले राहते. दुसरे संकट सोडियमचे. पोटॅशियमशी असलेल्या साधर्म्यामुळे तो पेशीत शिरतो आणि तेथील कामकाज बिघडवतो.

या संकटाशी झुंजणारे कामगार म्हणजे प्रथिने. मोहरीच्या कुळातील एका इवल्याशा रोपट्यावरील प्रयोगांतून १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची एक साखळी उलगडली. मीठ जाणवताच पेशीतील कॅल्शियमची पातळी क्षणार्धात वाढते. एक प्रथिन ही वाढ ओळखते आणि दुसऱ्याला जागे करते. ते दुसरे प्रथिन पेशीच्या आवरणातील तिसऱ्याला कामाला लावते आणि हे तिसरे सोडियमला बाहेर ढकलते. जे सोडियम आत उरते, ते आणखी एक प्रथिन पेशीच्या मध्यभागी असलेल्या रिक्तिकेत कोंडून ठेवते. प्रोलिन घडवणारी विकरे पेशीला पाणी धरून ठेवण्यास साहाय्य करतात. ताणात उत्पन्न होणाऱ्या घातक ऑक्सिजन-कणांना सुपरऑक्साइड डिसम्युटेज व कॅटालेज ही विकरे निष्प्रभ करतात. मिठाला सरावलेल्या तंबाखूच्या पेशींत विपुल आढळलेल्या एका प्रथिनाला तर १९८७ मध्ये ‘ऑस्मोटिन’ असे नावच मिळाले.

हे बदल दिसतात कसे? निरोगी आणि ताणग्रस्त रोपांच्या पानांतील प्रथिने जेलच्या पातळ थरावर विद्युतप्रवाहाने पसरवली जातात. प्रत्येक प्रथिनाचा ठिपका वेगळा उमटतो. कोणता ठिपका गडद झाला, कोणता फिकट, हे ताडून पाहिले की पेशीने कोणते काम वाढवले आणि कोणते आवरते घेतले, ते कळते. पुष्कळदा फिकट पडणाऱ्या ठिपक्यांत रुबिस्को असते, म्हणजे हवेतील कार्बन पकडून अन्न घडवण्याचा प्रारंभ करणारे प्रथिन. संरक्षणाचा खर्च वाढला की वाढीचा खर्च कापावा लागतो. संकटातल्या प्रपंचासारखाच हा हिशेब आहे.

सदाफुलीचे उदाहरण बोलके आहे. आपल्या अंगणातील या झाडापासून व्हिन्क्रिस्टिन व व्हिन्ब्लास्टिन ही कर्करोगावरील औषधे मिळतात. ही द्रव्ये घडवणारी विकरेही प्रथिनेच, आणि ताणाच्या वेळी त्यांचे काम बदलते. खाऱ्या मातीत सदाफुली वाढवण्याचे प्रयोग झाले तेव्हा मुळांतील अजमॅलिसिन या द्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले. मात्र रोपे खुरटली आणि त्यांचे वजन घटले. प्रमाण वाढले तरी मुळीच बारीक राहिली, तर एकूण पदरात काय पडणार? शिवाय औषधाला नेमकी मात्रा लागते. एका वाफ्यातील पान सौम्य आणि दुसऱ्यातील तीव्र, असा माल औषधनिर्मात्याला अडचणीचाच ठरतो. याच कारणाने सदाफुलीच्या पानांचा घरगुती काढा घेणेही टाळावे. त्यातील द्रव्ये प्रभावी तितकीच विषारी आहेत आणि पानातील त्यांचे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही.

सारांश, वनस्पतीची सहनशक्ती खरी आहे, पण ती अमर्याद नाही आणि विनामूल्यही नाही. सौम्य खारवट जमिनीत काही जाती तग धरतील, परंतु लागवडीपूर्वी माती आणि विहिरीचे पाणी तपासून घेणे आवश्यक आहे. मातीची विद्युतवाहकता प्रति मीटर ४ डेसिसायमनच्या वर गेली की ती क्षारयुक्त समजली जाते. मोहोळ येथील कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी याबाबत मार्गदर्शन मिळू शकते. जमिनीचा खरा उपचार निराळा आहे : निचऱ्याचे चर किंवा भूमिगत सच्छिद्र नळ्या, चोपण जमिनीला तपासणीनुसार जिप्सम, धैंचा-तागासारखे हिरवळीचे खत आणि सर्वांत आधी पाण्यावर संयम.

मातीतील मिठाचा भार पेलण्यासाठी इवलेसे रोप आपल्या पेशीपेशीतून झटते. तो भार बहुतांशी आपणच अधिकच्या पाण्याने तिच्यावर टाकलेला असतो, आणि तो हलका करणेही आपल्याच हाती आहे.