आधार कसा द्यावा?



प्रबंधलेखनासारख्या विषयावर कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटले असेल. मी कॉलेजात शिकलेलो नाही. जे काही वाचले ते सार्वजनिक वाचनालयांत आणि युनियनच्या कचेरीत बसून वाचले. परंतु आमच्या कामात आधाराचे महत्त्व फार लवकर कळते. कामगार न्यायालयापुढे ‘कायद्यात असे म्हटले आहे’ एवढ्यावर भागत नाही. कोणता कायदा, कोणते कलम, कोणत्या सालची दुरुस्ती, हे कागदावर दाखवावे लागते. ते दाखवता आले नाही, तर त्याची किंमत बोलणारा देत नाही. ज्याची नोकरी गेली आहे तो देतो. ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे तळटीप ही विद्वत्तेचा दागिना नसून जबाबदारीची सही आहे, हे ध्यानात येते.

तळटीप म्हणजे वाचकाला दिलेला पत्ता. ‘परळला राहतो’ एवढे सांगितल्याने पाहुणा घरी पोचत नाही. चाळीचे नाव, मजला आणि खोलीचा नंबर सांगावा लागतो. त्याचप्रमाणे लेखक, ग्रंथ, आवृत्ती, वर्ष आणि पृष्ठ एवढे दिले म्हणजे वाचक त्या ओळीपाशी जाऊन पोचतो. पोचल्यावर तिथे आपण म्हणतो तेच त्याला सापडले पाहिजे. आधार देताना होणाऱ्या बहुतेक चुका ह्या दोन गोष्टींपैकी एक बिघडल्यामुळे होतात: पत्ता चुकतो, किंवा पत्त्यावर भलताच माणूस भेटतो.

ह्याचे एक नामांकित उदाहरण सांगतो. मार्क्सची मते कोणाला पटोत वा न पटोत, येथे आपल्याला फक्त त्याची अवतरणे तपासायची आहेत. १८६४ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि तिचे उद्घाटनाचे निवेदन मार्क्सने लिहिले. त्यात इंग्लंडचे तत्कालीन अर्थमंत्री ग्लॅडस्टन ह्यांच्या १६ एप्रिल १८६३ च्या अंदाजपत्रकी भाषणातील एक वाक्य होते. देशाच्या संपत्तीत झालेली प्रचंड वाढ मालमत्ता असलेल्या वर्गांपुरतीच राहिली आहे, असा त्याचा आशय. १८७२ साली जर्मनीतील कारखानदारांच्या ‘कॉन्कॉर्डिया’ नावाच्या पत्रात एका निनावी लेखकाने आरोप केला की हे वाक्य ग्लॅडस्टननी उच्चारलेच नाही, मार्क्सने ते पदरचे घातले आहे. हा लेखक म्हणजे अर्थशास्त्रज्ञ लुयो ब्रेंटानो. त्याचा आधार होता हॅन्सार्ड, म्हणजे पार्लमेंटच्या भाषणांचा संग्रह. त्यात ते वाक्य तसे नव्हते.

आता गंमत पाहा. त्या काळी हॅन्सार्ड हा शब्दशः टिपलेला वृत्तांत नव्हता. वर्तमानपत्रांतील वृत्तांत जुळवून आणि वक्त्यांकडून सुधारून घेऊन तो तयार होत असे. भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी, १७ एप्रिलला, लंडनच्या ‘टाइम्स’ने छापलेल्या वृत्तांतात मात्र ते वाक्य होते. म्हणजे मार्क्सने ते रचलेले नव्हते. परंतु उत्तर देताना, आपण नेमक्या कोणत्या वर्तमानपत्रावरून ते घेतले होते, हे त्याला आठवेना. त्याला इतर छापील पुरावे गोळा करावे लागले. निवेदनात त्या वाक्याखाली वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख ही अर्धी ओळ असती, तर वाद एका पत्रात मिटला असता. तो मिटला नाही. मार्क्सच्या मृत्यूनंतर १८८३ साली केंब्रिजच्या सेडली टेलर ह्यांनी तो पुन्हा उकरून काढला आणि मार्क्सची मुलगी एलिनॉर हिने त्यांना उत्तर दिले. पुढे एंगल्सला १८९० साली ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडाच्या चौथ्या जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत आणि १८९१ साली एका स्वतंत्र पुस्तिकेत त्याचा समाचार घ्यावा लागला. आरोपाचे रूपही दरम्यान बदलले होते. वाक्य बनावट आहे असे आधी म्हटले गेले. नंतर, वाक्य खरे पण पुढच्यामागच्या मजकुरातून तोडून घेतले, असे म्हटले गेले. ह्या दोन वेगळ्या चुका आहेत, आणि लिहिणाऱ्याने दोन्हींपासून जपले पाहिजे.

त्याच प्रस्तावनेत आणखी एक शिकण्यासारखी हकीकत आहे. १८८७ साली निघालेल्या इंग्रजी भाषांतरासाठी एलिनॉरने इंग्रजी ग्रंथांतील सगळी अवतरणे मुळाशी ताडून पाहिली. अवतरणे पुष्कळ होती. त्यांत सापडलेल्या चुका एंगल्सने लपवल्या नाहीत. आजच्या विद्यार्थ्याने ती यादी टेबलासमोर लावून ठेवावी, इतकी ती आपल्या सर्वांच्या सवयींची आहे.

पहिली चूक पृष्ठांकांची. काही आकडे वहीतून उतरवताना चुकले, तर काही छपाईत चुकले आणि तसेच पुढच्या आवृत्त्यांत गेले. उपाय सोपा आहे. टिपण करताना वाक्याबरोबरच पृष्ठांक लिहावा, ‘नंतर पाहू’ म्हणू नये. आणि मुद्रिते तपासताना शब्दांइतकेच आकडेही मुळाशी ताडावेत.

दुसरी चूक अवतरणचिन्हांची आणि टिंबांची. ती वहीत भलत्या जागी पडली की आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडी जातात किंवा दुसऱ्याचे शब्द आपले होऊन बसतात. ह्या दुसऱ्या प्रकाराला जग चोरी म्हणते, मग हेतू कसाही असो. म्हणून वहीतच उताऱ्याचे शब्द आणि स्वतःचा सारांश वेगळ्या शाईने लिहावा. मधले शब्द गाळल्यास टिंबे द्यावीत. परंतु ‘पण’, ‘क्वचित’, ‘नाही’ असे अर्थ फिरवणारे शब्द टिंबांखाली कधी पुरू नयेत.

तिसरी चूक भाषांतराच्या भाषांतराची. १८४३ ते १८४५ च्या सुमारास मार्क्सला इंग्रजी येत नव्हते. त्यामुळे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ तो फ्रेंच भाषांतरांतून वाची, आणि त्या वह्यांतले उतारे जर्मनमध्ये येईपर्यंत अर्थाची छटा थोडी बदले. आपल्याकडे तर जर्मन किंवा फ्रेंच ग्रंथ अनेकदा इंग्रजीवरून मराठीत येतात. त्यात गैर काही नाही. मात्र कोणाच्या इंग्रजी भाषांतरावरून घेतले, हे सांगितले पाहिजे. जोतीराव फुल्यांचे वाक्य इंग्रजी पुस्तकात वाचून ते पुन्हा मराठीत उतरवणे आणि खाली ‘शेतकऱ्याचा असूड’ असे लिहिणे ही तर शुद्ध फसवणूक होय. मूळ मराठी ग्रंथ कपाटात असताना हे कशासाठी?

चौथी चूक नावाची. एवढ्या अवतरणांपैकी एकच अवतरण मुळात मिळाले नाही. ते रिचर्ड जोन्सचे होते. बहुधा ग्रंथाचे नाव टिपताना मार्क्सची चूक झाली असावी, असे एंगल्सने म्हटले आहे. आज तर न पाहिलेल्या ग्रंथांची नावे दुसऱ्याच्या सूचीतून उचलली जातात, किंवा यंत्राकडून तयार यादी मागवली जाते आणि ते यंत्र अस्तित्वात नसलेली पुस्तकेही बिनदिक्कत सांगते. जे पुस्तक हातात घेतले नाही, ते आपल्या सूचीत घालू नये. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतले असेल, तर तसे लिहावे. त्यात कमीपणा नाही.

ह्यात माझ्या अनुभवाच्या क्षेत्रातील दोन चुकांची भर घालतो. एक, आवृत्ती न सांगणे. औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ चा. परंतु कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, हे प्रकरण त्यात १९७६ साली आले, तेही तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी. १९८२ च्या दुरुस्तीने हा आकडा शंभरावर आला आणि ती दुरुस्ती १९८४ पासून लागू झाली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत तो पुन्हा तीनशे झाला. आता कोणी खाली नुसते ‘अधिनियम, १९४७’ असे लिहिले, तर दीडशे कामगारांच्या कारखान्याविषयी वाचकाने काय समजावे?

दुसरी चूक मला अधिक बोचते. ग्रंथकाराचे नाव पृष्ठांकासह येते, मंत्र्याचे भाषण तारखेसह येते, आणि चाळीस वर्षे साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाचे म्हणणे ‘एका कामगाराने सांगितले’ म्हणून येते. तोही आधारच आहे. त्याचे नाव, काम, गाव आणि मुलाखतीची तारीख द्यावी. नाव छापल्याने त्याच्या पोटावर पाय येणार असेल, किंवा त्याची संमती नसेल, तर ते झाकावे आणि झाकल्याचे सांगावे. २००४ साली नीरा आडारकर आणि मीना मेनन ह्यांनी गिरणगावाचा मौखिक इतिहास प्रसिद्ध केला. त्यात गिरणीतली माणसे आपापल्या नावाने बोलतात, म्हणूनच त्यांच्या बोलण्याला साक्षीचे वजन येते.

हे सारे किरकोळ वाटेल. पण दुबळ्या बाजूने बोलणाऱ्याला किरकोळ चूक परवडत नाही. मुद्दा खरा असूनही त्याचा आधार कच्चा निघाला की समोरचा मुद्द्याला हात लावत नाही, आधारच धरून बसतो. ग्लॅडस्टनच्या त्या एका वाक्यापायी एकोणीस वर्षे गेली, आणि तेवढा काळ इंग्लंडमधली संपत्ती कोणाकडे गेली हा मूळ प्रश्न बाजूला राहिला. तरुण मित्रांनो, तुमचा प्रश्न असा बाजूला पडू देऊ नका. मूळ पाहा, पाहिले तेवढेच लिहा, आणि वाचक तिथवर चालत जाईल असा पत्ता द्या.