ताक व पोटाचे विकार

आमच्या रत्नागिरीकडे पोट बिघडलें कीं पहिली आठवण ताकाची होते. ही समजूत निराधार नव्हे. चरकसंहितेंत ग्रहणी व अर्श या विकारांवर ताक प्रशस्त मानिलें आहे. आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील मेच्निकॉफ, ज्यांस १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांनींही आंबट दुधांतील जंतूंचा आंतड्यांस उपकार होतो असें प्रतिपादन केलें होतें. हल्लीं असे उपकारक जंतु औषधांच्या दुकानीं पुडींतून मिळतात. त्यांची किंमत ऐकून घरीं दुभतें असणाऱ्यास हंसूं येईल!

परंतु गुण किती? कोलकात्याच्या गरीब वस्तींतील १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांपैकीं निम्म्यांस १२ आठवडे असे जंतु घातलेलें पेय दिलें, निम्म्यांस जंतुविरहित. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत पहिल्या गटांत हगवण १४ टक्क्यांनीं कमी आढळली. उलट, अमेरिकेंत हगवण लागलेल्याच ९७१ मुलांवर केलेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा जंतूंचा कांहींच लाभ दिसला नाहीं. रोग टाळणें निराळें, लागलेला हटविणें निराळें. प्रतिजैविक औषधांनीं लागणारी हगवण टाळण्यास मात्र यांचा उपयोग पुष्कळदां दिसून आला आहे.

घरच्या ताकांतील जंतु विरजणागणिक बदलतात. तेव्हां पुडीचा गुण ताकास सरसकट लावतां येत नाहीं. शिवाय जंतु जिवंत हवेत. कढी उकळली कीं ते मरतात. आंबोळीचें पीठ आंबलें तरी तव्यावर तेंच होतें. आणि पावसाळ्यांत गढूळ विहिरीचें न उकळलेलें पाणी ताकांत ओतणें म्हणजे रोगास आमंत्रणच.

आमचें खरें सांगणें पुढेंच आहे. हगवणींत मूल दगावतें तें बहुधा अंगांतील पाणी व क्षार गेल्यानें. ती तूट ताकानें पुरेशी भरत नाहीं. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें मोजून केलेलें पाणी पाजून पटकीचे असंख्य रोगी वांचविले. तीच आजची जलसंजीवनी. पुडीवर लिहिलें असेल तितक्याच, उकळून निवविलेल्या पाण्यांत ती कालवावी व घोटघोट पाजावी. अंगावरचें दूध तोडूं नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानें १४ दिवस जस्ताची गोळी द्यावी. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल निपचित पडलें किंवा शौचांतून रक्त गेलें, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां दवाखाना गांठावा.