पंधरा हजार किलोमीटर म्हणजे किती तास?

फोक्सवॅगन पोलोचं वेळापत्रक सांगतं की इंजिनचं तेल १५,००० किलोमीटरला किंवा वर्षाने बदला, जे आधी होईल तेव्हा. गाडी द्रुतगती मार्गावर सरासरी ताशी ६० किलोमीटरने धावली, तर हे अंतर २५० तासांत संपतं. तीच गाडी काटई नाक्यापासून शीळफाट्यापर्यंतच्या रांगेत रोज सकाळ-संध्याकाळ ताशी १५ च्या सरासरीने सरकत राहिली, तर त्याच अंतराला १,००० तास लागतात. मीटरवरचा आकडा तोच, पण इंजिन चौपट वेळ फिरलं, चौपट वेळ तापलं आणि तेही एसी चालू ठेवून. डोंबिवलीत छोटी, चपळ, टर्बो इंजिनाची गाडी पाळणाऱ्याने सर्वांत आधी हा भागाकार करावा. मी तो गाडी घेतल्यावर तीन वर्षांनी केला. तेव्हापासून माझ्या गाडीचं तेल दर साडेसात हजार किलोमीटरला बदललं जातं, आणि ते मी स्वतः बदलतो, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी.

माझी गाडी म्हणजे पोलो जीटी टीएसआय, नंबर एमएच-०५. चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीचं इंजिन फक्त १.२ लिटरचं, पण टर्बोमुळे ताकद १०५ अश्वशक्तीची. अशा गाडीला जगभर ‘हॉट हॅच’ म्हणतात. दिसायला रोजची, बाजारहाटाची, मागे वर उघडणारं दार असलेली गाडी. आत मात्र दांडगं इंजिन. या प्रकाराला नाव मिळवून दिलं ते १९७६ साली विक्रीला आलेल्या गोल्फ जीटीआयने. फोक्सवॅगनच्या मोजक्या अभियंत्यांनी हौसेने सुरू केलेलं ते काम. कंपनीने सुरुवातीला जेमतेम ५,००० गाड्यांचा विचार केला होता, खपल्या लाखांनी.

या कुळाचा एक धागा आपल्या डोंबिवलीतही आहे, आणि तो फार कमी जणांच्या लक्षात राहिला आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. १९९०च्या दशकात तिथे फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत पूजो ३०९ ही हॅचबॅक तयार होत असे. युरोपात याच ३०९ ची जीटीआय आवृत्ती, १.९ लिटर आणि १३० अश्वशक्तीची, गाजलेली हॉट हॅच होती. आपल्या वाट्याला १.४ लिटर पेट्रोल आणि १.५ लिटर डिझेलची साधी भावंडं आली आणि काही वर्षांतच तो कारखानाही थंडावला. लोकांच्या तोंडी ‘प्रीमियर’ हे नाव अजून आहे. नव्या वसाहतींच्या पार्किंगमध्ये आज जी मुलं बॉनेट उघडून उभी असतात, त्यांना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आता तेलाकडे. सरकत्या रांगेत तेलाचं काय होतं? पहिली गोष्ट ऑक्सिडेशनची. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. गाडी उभी असली की समोरून वारा येत नाही, रेडिएटरमागचा पंखा एकटा लढतो आणि बॉनेटखालची उष्णता तिथेच कोंडते. दुसरी गोष्ट पेट्रोलची. या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन नीट गरम होण्याआधीच प्रवास संपला, तर थोडं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून तेलात उतरतं आणि तेल पातळ करतं. घर ते स्टेशन एवढाच फेरा रोज असेल, तर हे रोज घडतं.

आणि या तेलावर सर्वाधिक भार कोणाचा असेल, तर टर्बोचा. धुरांड्याकडे जाणाऱ्या तप्त वायूंच्या झोताने फिरणारं हे छोटं चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतं. त्याचा दांडा धातूला टेकून फिरत नाही. तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत फिरतो. घोडबंदर रोडला गाडी जोरात हाणून आणली आणि सोसायटीत शिरताच चावी फिरवली, तर तेलाचा पुरवठा थांबतो आणि अडकलेलं तेल तापलेल्या बेअरिंगमध्ये भाजून निघतं. त्याचा कोळसा होतो. शेवटचा किलोमीटर सावकाश चालवणं, ही टर्बोची सर्वांत स्वस्त सर्व्हिसिंग आहे. तिला पाना लागत नाही.

टर्बोची दुसरी बाजू समजून घ्यायला सायकलचा पंप हातात घ्या. हवा भरताना त्याचं खालचं टोक चटका बसेल इतकं तापतं. हवा दाबली की ती तापते. वैशाखातली ४० अंशांची हवा टर्बोने वातावरणाच्या १.६ पट दाबाला नेली, तर तिचं तापमान शंभर अंशांच्या घरात जातं. तापलेली हवा विरळ, म्हणजे तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी. म्हणून टर्बो आणि सिलिंडर यांच्यामध्ये इंटरकूलर बसवतात, जो ही हवा पुन्हा थंड करतो. इंजिनात शिरणारी हवा २० अंशांऐवजी ४० अंशांची असेल, तर सुरुवातीलाच प्राणवायूत सहा टक्क्यांची तूट असते. मे महिन्यात गाडी जड वाटते, ते उगाच नव्हे.

हे एकदा कळलं की हौशी लोकांची सर्वांत आवडती खरेदी वेगळ्या नजरेने दिसू लागते. मूळचा प्लास्टिकचा डबा काढून त्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर लावतात. आवाज झकास येतो, सुस्कारा टाकल्यासारखा. पण मूळ डबा पुढच्या जाळीमागून बाहेरची हवा ओढत होता. उघडा फिल्टर बॉनेटखालची शिजलेली हवा ओढतो. वाहत्या रस्त्यावर फरक थोडा पडेल, रांगेत मात्र पैसे देऊन ताकद गमावली असं होतं. त्यावर उपाय म्हणून काही जण फिल्टर खाली, बंपरजवळ नेतात. आपल्याकडच्या जुलैत हे धाडस करू नये. साचलेलं पाणी त्या तोंडातून सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टन वर येऊन ते दाबायला बघतो. हवा दबते, पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ कागदी फिल्टर वेळेवर बदलणं, तेही दोन पावसाळ्यांच्या मध्ये एकदा, एवढं माझ्या मते पुरे.

जीटी टीएसआयचा गिअरबॉक्स मात्र स्वतंत्र काळजी मागतो. सात गिअरच्या या डीएसजीमध्ये दोन क्लच असतात, एक विषम गिअरसाठी आणि एक सम गिअरसाठी. ते कोरडे आहेत, म्हणजे त्यांना थंड ठेवायला तेलाची आंघोळ नाही. ब्रेकवरचा पाय थोडा उचलून गाडी फूट-फूट सरकवली की क्लच पूर्ण जोडला जात नाही, घासत राहतो, आणि घासणं म्हणजे उष्णता. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या या गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरण्याची मोहीम जाहीर केली होती. उष्ण, दमट हवेत सतत थांबत-सरकत चालणाऱ्या गाड्यांत त्या तेलामुळे वीजपुरवठा तुटण्याचा धोका दिसला होता. उष्ण, दमट आणि थांबत-सरकत हे वर्णन वाचून मला कल्याणचा पत्रीपूल आठवला. पुढची गाडी दोन-तीन गाड्यांएवढी सरकू द्यावी आणि मगच आपली एका दमात न्यावी. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू द्यावा. २०२० मध्ये पोलोला १.० लिटरचं नवं इंजिन आलं, तेव्हा स्वयंचलित आवृत्तीत हा गिअरबॉक्स राहिला नाही.

स्वतः काम करायला घेतलं की पहिलं शास्त्र हाताला शिकवावं लागतं ते बोल्टचं. बोल्ट ही स्प्रिंग आहे, असं मला कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आपण तो आवळतो तेव्हा तो किंचित ताणला जातो आणि मूळ लांबीला परतायच्या त्याच्या धडपडीमुळे दोन भाग एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. सैल आवळला तर ताण अपुरा. जास्त आवळला तर तो कायमचा लांबतो आणि मग त्याची पकडच जाते. पोलोच्या चाकाच्या बोल्टसाठी १२० न्यूटन-मीटर सांगितले आहेत. म्हणजे ४० सेंटिमीटरचा पाना असेल तर त्याच्या टोकाला साधारण ३० किलोचा जोर. पंक्चरवाला पान्यावर उभा राहून उड्या मारतो, तेव्हा याच्या दुपटीहून जास्त जोर बोल्टवर पडतो.

त्याहून गमतीचा भाग घर्षणाचा. आपण लावलेल्या जोरापैकी जवळपास ९० टक्के जोर आटे आणि बोल्टचं डोकं यांच्या घर्षणातच खर्च होतो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहा टक्के. म्हणून आट्यांना ‘गंज नको’ म्हणून तेल लावलं आणि पाना मात्र १२० वरच ठेवला, तर घर्षण घटतं आणि बोल्टवरचा ताण एकदम वाढतो. पुस्तकातला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांचा आहे. एक टॉर्क पाना घ्या. गाणी वाजवायच्या नव्या स्पीकरपेक्षा तो स्वस्त पडतो आणि ‘कट्’ असा आवाज करून थांबायला सांगतो. स्पार्क प्लग तर इंजिन पूर्ण थंड असतानाच काढावेत. ॲल्युमिनियमचं हेड तापलेलं असताना प्लग ओढला तर हेडचे आटे त्याच्याबरोबर बाहेर येतात. माझ्या गाडीच्या बाबतीत एका कार्यशाळेत हेच झालं होतं, आणि त्यानंतरच मी पाना हातात घेतला.

एक गोष्ट निक्षून सांगतो. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, एक मिनिटभरही नाही. खाली लोखंडी स्टँड लावायचा, सपाट फरशीवर, आणि चाकांना लाकडी ठोकळे.

मग वाढवायचं काय? शेजारच्या इमारतीतला इंजिनिअरिंगचा मुलगा येऊन विचारतो, “काका, रिमॅप केला तर किती वाढेल?” मी त्याला आधी टायरच्या खाली बघायला सांगतो. माणसांसकट गाडी १,३०० किलोची धरू. टायरमध्ये ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो दाब. भागाकार केला की चारही टायर मिळून जमिनीला जेमतेम ५८० चौरस सेंटिमीटर जागेत टेकतात. एका टायरच्या वाट्याला बारा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन, म्हणजे जवळजवळ आपला तळहात. वेग, वळण, ब्रेक सगळं या चार तळहातांतून रस्त्यावर उतरतं. म्हणून पहिली सुधारणा चांगल्या टायरची, आणि हवा पहाटे, टायर थंड असताना तपासण्याची. दर दहा अंशांना दाब सुमारे दीड पीएसआयने बदलतो. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. ती वाचल्याशिवाय नवा टायर घेऊ नका. आणि १७ इंची चाकांचा मोह आवरा: १८५/६० टायरची रबरी भिंत १११ मिलिमीटर उंच असते, २०५/४५ ची फक्त ९२. आपल्या खड्ड्यांत हे १९ मिलिमीटर रिम वाचवतात.

दुसरी सुधारणा ब्रेकची. ताशी ८० वरून गाडी थांबवली की जी ऊर्जा चकत्यांमध्ये उष्णता होऊन उतरते, तेवढीत नळाचं लिटरभर पाणी उकळेल. शंभरवरून थांबवली तर दीड लिटरहून जास्त, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ही उष्णता ब्रेकच्या तेलापर्यंत पोहोचते. नवं डॉट ४ तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. पण हे तेल हवेतला ओलावा शोषतं. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरलं की मानकाची ही मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात आणि पॅडल नुसतं खाली जातं. खाडीकाठच्या आपल्या शहरांत चार महिने हवा ओलीच असते, म्हणून दर दोन वर्षांनी हे तेल बदलणं मी कोणत्याही रिमॅपच्या वर ठेवतो. मात्र ब्रेकमधली हवा काढायचं काम पहिल्यांदा जाणत्या मेकॅनिकशेजारी बसूनच करा.

रिमॅपबद्दल थोडक्यात. संगणकातले आकडे बदलून टर्बोचा दाब वाढवला की ताकद वाढते, हे खरं. पण दाब वाढला की तापमान वाढतं, आणि ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रणाचा कोपरा आपोआप भडकतो. हीच ती खडखड, नॉकिंग. इंजिनवरचा सेन्सर ती ऐकतो आणि ठिणगी उशिरा पाडतो. म्हणजे विकत घेतलेली ताकद उन्हाळ्यात तोच काढून घेतो. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

रविवारचं काम संपतं तेव्हा पार्किंगमध्ये एक काळंभोर भरलेलं भांडं उरतं. ते गटारात ओतायला दोन सेकंद पुरतात. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग पसरला की हवेतला प्राणवायू पाण्यात विरघळणं मंदावतं. कल्याण-डोंबिवलीकरांच्या नळाला उल्हास नदीचं पाणी येतं. मी ते तेल नव्या तेलाच्याच रिकाम्या कॅनमध्ये गाळून भरतो, वर किलोमीटरचा आकडा आणि तारीख लिहितो आणि जुनं तेल पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजमध्ये पोहोचवतो. मागच्या वेळी कॅनवर तासांचा अंदाजही लिहिला: साडेसात हजार किलोमीटर, सुमारे चारशे ऐंशी तास.